पितो म्हणून सांग

"पप्पा संध्याकाळी घरी आले की पहिल्यांदा काय करतात?"

आईने हे इतकं सहज विचारलं की डोशाचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

"ट्यूबलाइट लावतात," मी म्हटलं.

"मग?"

"मग चहा."

"चहाच?"

मी तिच्याकडे बघितलं. ती चमच्याने चटणी उगाच इकडची तिकडे करत होती. कराडच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या हॉटेलात आमची भेट व्हायची, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. कोर्टाने तसं ठरवून दिलं होतं. मी पप्पांकडे राहायचं आणि आईने महिन्यातून एकदा पुण्याहून येऊन भेटायचं. सकाळी पप्पा मला हॉटेलच्या दारात सोडायचे, आईकडे न बघता "येतो" म्हणायचे आणि जायचे. संध्याकाळी तसेच दारात येऊन उभे राहायचे. घटस्फोट होऊन तीनेक वर्षं झाली होती. दोघांचं पटलं नाही एवढंच मला सांगितलं होतं. आईला बढती मिळून पुण्याची बदली आली, पप्पा कराड सोडायला तयार झाले नाहीत आणि आधीच ताणलेलं तुटलं, हे मी मोठ्यांच्या बोलण्यातून जोडून घेतलं होतं.

"तू हे कशासाठी विचारतेस?" मी म्हटलं.

"सहज."

"सहज नाही."

आईने चमचा खाली ठेवला. "मागच्या खेपेला तुम्ही दोघं निघालात, तेव्हा मी गाडीत बसले होते. खिडकीतून बघत होते. पप्पा एका बाईच्या गाठोड्यावर अडखळले. मग सरळ हमालाच्या गाड्यावर जाऊन आदळले. तो हमाल काय म्हणाला, तू ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. 'सायेब, उजेड हाय तवर तरी दम धरायचा,' असं म्हणाला होता, आणि आजूबाजूचे हसले होते.

"त्यांच्या तोंडाला कधी वास येतो का गं, शलाका?"

"तू काय पोलीस आहेस का?" मी म्हटलं.

आईने चमचा पुन्हा उचलला. तिचे वडील, माझे आजोबा, दारूने गेले होते. ती लहान असताना भावंडांबरोबर त्यांना शोधत गुत्त्यावर जायची, हे तिने मला एकदा सांगितलं होतं. त्यामुळे तिचा प्रश्न मला कळत होता. पण तो प्रश्न पप्पांबद्दल होता, आणि तो घेऊन ती वकिलाकडे जाऊ शकते, हेही मला त्या वयात कळत होतं. मी सातवीत होते. घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांना सातवीतच वकील कळतो.

उरलेला दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तरीही संध्याकाळी पप्पा दारात आले, तेव्हा त्यांच्या जवळ जाताना मी खोल श्वास घेतला. खडूचा आणि घामाचा वास आला. दुसरा कसलाच नाही.

पण संशय आईने माझ्या ओंजळीत टाकला तो टाकलाच.

पप्पा ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. रमाकांत डुबल सर म्हटलं की कराडात रिक्षावाला पत्ता न विचारता घरी आणून सोडायचा. स्वयंपाक तेच करायचे. माझ्या वेण्याही तेच घालायचे, आणि घट्ट घालायचे. आम्ही दोघं सुखात होतो. आईच्या त्या प्रश्नानंतर मात्र मला घरातलं सगळं वाकडं दिसायला लागलं. दिवाळीत पप्पांनी स्कूटर विकली होती, 'पोट सुटलंय, चालायला हवं' म्हणून. पण त्यांचं पोट सुटलंच नव्हतं. ऊन उतरायच्या आतच ते घरातले सगळे दिवे लावून ठेवायचे. तरीही जेवायला बसताना त्यांचा हात भांड्याला लागून पाणी सांडायचं. मी काही द्यायला हात पुढे केला तर कधी पटकन घ्यायचे, कधी माझा हात तसाच अधांतरी राहायचा.

मी शोधायला लागले. पप्पा अंघोळीला गेले की त्यांच्या पेल्याचा वास घ्यायचे. तांदळाच्या डब्यामागे, पलंगाखाली, माळ्यावरच्या गणपतीच्या मखरात हात घालून बघायचे. कुठेच काही सापडलं नाही. न सापडल्याने मी सुटले नाही, उलट पप्पा फार हुशार आहेत असं वाटायला लागलं.

त्यात त्यांचे ते खेळ. मी अभ्यासाला बसले की ते मागून यायचे, माझ्या कानाच्या बाजूला हात धरायचे आणि म्हणायचे, "न वळता सांग, किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"दोन. पप्पा, मला गणितं करू द्या ना."

"एवढं एकदा. वर बघू नकोस. समोर बघ. आता?"

कधी जेवताना अचानक दिवा घालवायचे आणि मला फडताळातून लोणच्याची बरणी आणायला सांगायचे. मी आणली की खूश व्हायचे, इतके खूश, की लोणच्यासाठी माणूस इतका खूश होत नाही. शुद्धीतला माणूस असं करतो का, हा विचार माझ्या मनात यायचा आणि मला त्याचीच लाज वाटायची.

जानेवारीत शकूआत्याच्या मुलीचा साखरपुडा होता, ओगलेवाडीला. शकूआत्या ही पप्पांची धाकटी बहीण. कार्यक्रम संध्याकाळचा होता. स्टेजवर झगझगीत उजेड आणि खाली खुर्च्यांमध्ये अंधार. पप्पा भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकून वळले. पायऱ्या डाव्या हाताला होत्या. पप्पा सरळ चालत गेले आणि स्टेजच्या कडेवरून खाली कोसळले. दोन-तीन खुर्च्या आडव्या झाल्या. बायका किंचाळल्या.

आत्याच्या दिराने त्यांना उठवलं. "सर, आज दुपारपासूनच का?" तो हसत म्हणाला.

मला वाटलं, आता पप्पा त्याला झापतील. पप्पांनी कोपरावरचं रक्त रुमालाने पुसलं आणि तेही हसले. "हो हो. आज जरा जास्तच झाली."

सगळे हसले. मी खुर्च्यांच्या रांगेत उभी होते. मी वाकून पडलेली एक खुर्ची सरळ केली.

मागे चुलीपाशी आत्या डोळ्याला पदर लावून शेजारणीला सांगत होती, "आमच्या दादानं आजवर सुपारीच्या खांडाला हात लावला न्हवता गं. बायको गेली आन् माणूस बसला." मला बघताच तिने विषय बदलून माझ्या हातात पेढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. कोपराला पट्टी होती. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य एका दमात म्हटलं.

"पप्पा, तुम्ही पिता का?"

इस्त्री थांबली. मग स्कर्ट जळेल म्हणून त्यांनी ती उभी केली.

"कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"आईनं?"

मी दप्तराचा पट्टा ओढत राहिले. पप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर दूधवाला कुणाशी तरी भांडत होता.

"पुढच्या महिन्यात ती आली," ते म्हणाले, "की सांग तिला. पितो म्हणून सांग."

"पण खरंच पिता का?"

"सांगितलं ना." त्यांनी स्कर्टची घडी माझ्या हातात दिली. "जा, उशीर होईल."

शाळेत त्या दिवशी मला फळ्यावरचं काही कळलं नाही. पिणारी माणसं आमच्या गल्लीतही होती. त्यांच्यातल्या एकानेही कधी 'हो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बायको केस धरून विचारायची तरी ते देवाशपथ नाही म्हणायचे. मग पप्पा पहिल्याच प्रश्नाला कबूल का करतात? आणि आईला मुद्दाम सांग म्हणतात? मला आई घेऊन जावी अशी त्यांची इच्छा आहे का? मी त्यांना नकोशी झालेय का?

हा शेवटचा संशय सगळ्यांत वाईट होता. दारूपेक्षाही वाईट.

आणखी एक गोष्ट होती. पहिला रविवार सोडला तर इतर रविवारी दुपारी पप्पा 'बारावीचे जादा तास आहेत' म्हणून बाहेर जायचे. कॉलेजच्या शिपायाची मुलगी सुलभा माझ्याच वर्गात होती. तिला मी आडून विचारलं. ती म्हणाली, "रविवारी? रविवारी गेटला कुलूप असतंय. किल्ली आमच्याच घरी."

त्या रविवारी पप्पा निघाल्यावर मी चपला हातात घेऊन जिना उतरले आणि त्यांच्या मागे गेले.

लपायची गरजच पडली नाही. त्यांनी एकदाही मागे किंवा बाजूला बघितलं नाही. भर उन्हात ते भिंतीच्या कडेकडेने, समोर बघत, मोजूनमापून पाय टाकत चालले होते. कॉलेजकडे वळायच्या चौकात ते वळले नाहीत. नदीकडे निघाले. घाटाच्या अलीकडे एक बंद पडलेली शाळा होती. तिच्या पटांगणात ते शिरले. पडक्या कुंपणाच्या फटीतून मी आत गेले आणि लिंबाच्या झाडाशी उभी राहिले.

तिथे काळा चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ उभे होते. पप्पांची चाहूल लागताच त्यांनी तोंड वळवलं, पण नेमकं पप्पांकडे नाही, जरा बाजूला. ते आंधळे होते. पप्पा म्हणाले, "तांबोळी सर, मी डुबल," आणि त्यांच्या हातून एक पांढरी काठी घेतली. मग खिशातून रुमाल काढून पप्पांनी स्वतःचे डोळे घट्ट बांधले.

"आज भिंतीपासून झाडापर्यंत," तांबोळी सर म्हणाले. "पायाला घाई करू द्यायची नाही. आधी काठी जाईल, मग तुम्ही."

काठी जमिनीवर डावी-उजवी आपटत पप्पा चालायला लागले. वर्गात बाकांच्या मधून ऐटीत फिरणारे, खडू न बघता फळ्यावर सरळ रेघ मारणारे माझे पप्पा असे चालत होते, जसं एखादं मूल पहिल्यांदा पाण्यात उतरतं. आणि ते झाडाकडे येत होते. माझ्याकडे. मला पळता आलं असतं. पाय हलले नाहीत.

काठीचं टोक माझ्या चपलेला लागलं. परत लागलं.

"काहीतरी मऊ आहे," पप्पा म्हणाले.

"माणूस असेल. विचारा," तांबोळी सर मागून म्हणाले. "लाजायचं नाही."

पप्पांनी मान जरा वाकवली आणि अनोळखी माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "माफ करा हं. कोण आपण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल लगेच सोडला नाही. आधी हात पुढे करून माझी वेणी चाचपली.

आम्ही पडक्या व्हरांड्यात बसलो. तांबोळी सर लांब जाऊन उभे राहिले. पप्पांनी दोन्ही हातांची नळी करून माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"आता त्या झाडाकडे बघ. झाड दिसतंय?"

"हो."

"मी दिसतोय?"

"नाही."

"मला एवढंच दिसतं. समोरचं नीट दिसतं, म्हणून वाचता येतं, शिकवता येतं. बाजूचं नाही. आणि अंधार पडला की काहीच नाही. नळी दरवर्षी बारीक होत जाणार, असं डॉक्टर म्हणाले."

"औषध?"

"नाही."

मी रडले. पप्पांनी रडू दिलं. मग मी विचारलं, "आईला का नाही सांगायचं?"

"आंधळ्याकडे मुलगी ठेवतील का? ती कोर्टात जाईल आणि तुला घेऊन जाईल."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना मी त्यांच्या उजव्या बाजूने चालले आणि खड्डा आला की नुसता त्यांचा हात दाबत होते. आमच्यात आता गुपित होतं, त्यामुळे मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी गणिताच्या मास्तरांची मुलगी होते आणि हे गणित जुळत नव्हतं. आंधळ्याकडे मुलगी ठेवणार नाहीत म्हणून सांगायचं नाही, ठीक. मग दारुड्याकडे ठेवतील? मला जवळ ठेवायचं असेल, तर 'पितो म्हणून सांग' का?

पप्पांनी मला सगळं सांगितलं नव्हतं. ते काहीतरी अजून लपवत होते. आणि जे लपवत होते, ते डोळे जाण्यापेक्षाही मोठं होतं. या विचाराने मला त्यांच्याकडे बघायचीच भीती वाटायला लागली.

पहिला रविवार आला. आईने आज डोसा मागवला नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"शलाका, शकूताईंचा फोन आला होता. साखरपुड्यातलं सांगत होत्या. मी वकिलांशी बोलले आहे. जूनपासून तू पुण्याला. चांगली शाळा बघितली आहे."

"ते पीत नाहीत."

"बाळा, मीही माझ्या वडिलांबद्दल असंच सांगायची. शाळेत, शेजारी, सगळ्यांना."

"ते पीत नाहीत, आई!"

"मग काय आहे ते सांग."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे चोरून बघत होतो. ती मी काहीतरी बोलेन म्हणून, आणि मी ती कितपत ओळखते आहे म्हणून.

ऊन कलायच्या आत पप्पा दारात आले. आई उठून त्यांच्यासमोर गेली. घटस्फोट झाल्यापासून ती पप्पांना 'अहो' म्हणत नव्हती आणि नाव घ्यायची तर तिला सवयच नव्हती. त्यामुळे ती त्यांच्याशी बोलायची तेव्हा वाक्य मधूनच सुरू व्हायचं.

"बसा. बोलायचं आहे."

पप्पा खुर्ची चाचपून बसले. त्यांना खुर्ची चाचपताना आईने बघितलं आणि तिचा चेहरा कडू झाला.

"एकदाच विचारते. पिता?"

"हो," पप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"झालं वर्षभर."

"माझ्यासमोर बसून सांगता? माझं माहेर माहीत असून?"

पप्पांनी मान खाली घातली. "ने तिला. मी कोर्टात काही म्हणणार नाही."

मला वाटलं, मी पाण्याच्या तळाशी बसले आहे आणि वरून हे बोलणं ऐकते आहे. म्हणजे मला देऊनच टाकायचं होतं. मी टेबलावर हात आपटला. पेले हलले.

"खोटं! खोटं बोलताहेत! आई, त्यांना दिसत नाही! बाजूचं दिसत नाही, अंधारात दिसत नाही. ते रविवारी आंधळ्यांची काठी शिकायला जातात. मी बघितलंय!"

हॉटेलातले लोक बघायला लागले. पप्पा समोर बघत बसले होते.

आईने खुर्ची पुढे ओढली. तिने हळूच आपला हात पप्पांच्या कानाच्या बाजूला नेला आणि बोटं हलवली. पप्पांची पापणीही हलली नाही. हात पुढे, आणखी पुढे आणला. अगदी नाकासमोर आला तेव्हा पप्पा दचकले.

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा माफी मागेल. तिने त्यातलं काही केलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांकडे. इतकं निरखून, की मी मान फिरवली.

"अहो," आई म्हणाली, तीन वर्षांनी पहिल्यांदा. "तुमच्या आजोबांचेही डोळे असेच गेले होते ना? चाळिशीत? लग्नात तुमच्या काकू मला म्हणाल्या होत्या, त्यांच्यावर करणी झाली म्हणून."

"करणी नव्हती," पप्पा म्हणाले.

"हिला दाखवलंत?"

पप्पांनी टेबलाची कड धरली.

"डॉक्टरांनी हिला आणा म्हणून सांगितलं असेल. सांगितलं ना?"

"सांगितलं."

"कधी?"

"वर्ष झालं."

"आणि तुम्ही नेलं नाहीत."

"रोज ठरवत होतो, प्रमिला. रोज." पप्पांनी माझ्या दिशेने मान वळवली. "घरी बघत होतो. बोटं दाखवून, दिवा घालवून. तिला दिसतंय सगळं. पण डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला कळत नाही, यंत्रावरच कळतं. मला माझं ऐकायला काही वाटलं नाही. मी चालत घरी आलो आणि पिठलं केलं. पण हिचं..." ते थांबले. "तुला कळलं असतं तर तू पहिला हाच प्रश्न विचारला असतास. म्हणून म्हटलं, दारू. दारू म्हटलं की तू पुढचं काही विचारणार नाहीस, हे मला माहीत होतं. तू हिला नेलं असतंस. निदान मला ते ऐकावं लागलं नसतं."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. हळूहळू मला कळत गेलं की ते आता माझ्याबद्दल बोलताहेत.

आईने हललेले पेले सरळ केले. "दारू असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मग पर्स उचलली. "उठा. रात्रीच्या मुक्कामाचे कपडे घ्या. आजच पुण्याला जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, तास-दीड तास डोळे मिटून बसवलं, परत घातले. मग अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. लहान लहान दिवे लुकलुकायचे आणि दिसला की मी बटण दाबायचं. काही दिवे इतके मंद होते, की मला खरंच दिसले की दिसावेत असं वाटलं, हे कळत नव्हतं. मी घाबरून जास्तच बटणं दाबली असतील. मग डॉक्टरांनी डोळ्यांत प्रखर उजेड टाकून खूप वेळ बघितलं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आई-पप्पांना आत बोलावलं.

थेंबांमुळे मला सगळं धुरकट दिसत होतं. दार उघडलं आणि दोन आकार बाहेर आले. त्यातला कोणता हसतो आहे, कोणता रडतो आहे, मला कळेना. मी उभी राहिले.

"काय म्हणाले?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

अगदी एकदम. या दोघांचं कधी कशावर एकमत झालेलं मला आठवत नव्हतं. माझा विश्वास बसेना. वर्षभर ज्या घरात सगळे एकमेकांपासून काहीतरी लपवत होते, तिथे 'काही नाही' या शब्दांना काय अर्थ होता? मी भिंत चाचपत, त्यांच्यामधून वाट काढत, दार ढकलून आत गेले.

"डॉक्टर, मला सांगा," मी म्हटलं. "माझे डोळे आहेत."

ते हसले नाहीत, त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. त्यांनी मला समोर बसवलं.

"आज तुझ्या डोळ्यांत काहीही खराबी नाही. अगदी काहीही नाही. पुढे होणारच नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. म्हणून वर्षातून एकदा यायचं, मोठी होईपर्यंत. समजलं?"

"आई-पप्पांना एवढंच सांगितलंत?"

"शब्दनशब्द."

मी मोठी झाले, आणि माझे डोळे चांगले आहेत. आई-पप्पा पुन्हा एकत्र आले नाहीत, हेही सांगायला हवं. वाचणाऱ्याला तसं वाटू लागतं, मलाही तेव्हा वाटलं होतं. मी कराडलाच राहिले. आई कोर्टात गेली नाही. उलट महिन्यातून दोनदा यायला लागली आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात न थांबता घरी यायची. पप्पा निवृत्त होईपर्यंत शिकवत होते, शेवटची काही वर्षं फळ्याकडे न बघता. दरवर्षी मे महिन्यात आम्ही तिघं त्या दवाखान्यात जायचो आणि निकाल मी आधी ऐकायचे, मग ते.

पण त्या पहिल्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. दुपार होती. माझ्या बाहुल्या थेंबांनी ताणलेल्या, उन्हाने डोळे उघडवत नव्हते. पप्पांना समोरची एक चकती दिसत होती, बाकी नाही. रिक्षा रस्त्यापलीकडे मिळायच्या. आणि रस्ता म्हणजे पुण्याचा रस्ता, दुचाक्यांचा लोंढा, बसेसचे हॉर्न, मध्येच घुसणारे सायकलवाले.

आई आमच्या दोघांच्या मध्ये आली. पर्स काखेत मारली. एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्याने पप्पांचा दंड.

"आता उतरू का?" पप्पांनी विचारलं.

"थांबा. बस येतेय."

बस गेली. तिचा गरम वारा तोंडावर आला.

"आता?"

"मी सांगते. तोवर दोघांनी हलायचं नाही."

आणि आम्ही दोघं, इतके दिवस कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेली माणसं, हललो नाही.